केस गळत नाहीत, म्हणून अ‍ॅलर्जी टळत नाही

ओबामांच्या मुलीला अ‍ॅलर्जी असल्याने २००९मध्ये व्हाइट हाउसमध्ये ‘बो’ हा पोर्तुगीज वॉटर डॉग आला आणि ‘अ‍ॅलर्जी न होणारा कुत्रा’ ही कल्पना जगभर पोचली. पण अ‍ॅलर्जीचे मूळ केसांत नसून लाळेतील आणि त्वचेच्या कोंड्यातील प्रथिनांत असते. नेदरलँड्समधील २०१२च्या अभ्यासात पूडल, लॅब्राडूडल अशा ‘सुरक्षित’ जातींच्या गटात केसांवरील प्रमुख प्रथिन इतर कुत्र्यांपेक्षा जास्तच आढळले. घरातील हवेत फरक दिसला नाही.

घरात कुणाला दमा असेल, तर जातीच्या नावावर विसंबू नका. आधी डॉक्टरांना विचारा, मग त्याच कुत्र्याच्या सहवासात काही वेळा राहून पाहा. लळा लागल्यावर त्याला परत पाठवणे मुलांनाही जड जाते आणि त्या मुक्या जिवालाही.