बॅटरीच्या पेटीचे झाकण

लष्कराने लिलावात काढलेल्या जुन्या मालमोटारी ऊस, कडबा वाहण्यास घेणारे आमचे शेतकरीबंधू एंजिन बारकाईने पाहतात. बॅटरीच्या पेटीस झाकण आहे की नाही, हे मात्र क्वचितच पाहतात. ही उपेक्षा आम्हांस गैर वाटते. बॅटरीचा दाब अवघा १२ किंवा २४ व्होल्ट, म्हणून तिचे भय वाटत नाही. परंतु उघड्या पेटीत लोखंडी पाना दोन्ही टोकांवर आडवा पडला, तर तो क्षणात लालभडक तापतो. जवळचा कडबा पेटण्यास तेवढे पुरे.

तथापि पत्रा घट्ट ठोकणे हाही उपाय नव्हे. बॅटरी भारित होताना हायड्रोजन सुटतो. हवेत तो शेकडा ४ झाला की ठिणगीने भडकतो. म्हणून झाकणास वरच्या अंगाला हवेची भोके, पेटीच्या तळाशी पाण्यास वाट व झाकणाच्या आतून रबराचे अस्तर असावे. प्रथम चासीस जोडलेली तार सोडून बॅटरी बाहेर काढावी, पेटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावी, गंज खरवडून रंग द्यावा. झाकण गावचा लोहारही करून देईल. गाडी शेतात नेण्यापूर्वी एवढे काम अवश्य उरकावे, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.