युद्ध राज्यकर्त्यांचे, पुराव्याचे ओझे सैनिकाचे

अमेरिकेच्या माजी सैनिक अपील मंडळाचे निर्णय सैनिकांची नावे वगळून प्रसिद्ध केले जातात. या निर्णयांत एक तक्रार पुन्हा पुन्हा आढळते. ती इंद्रियशैथिल्याची, म्हणजे पुरुषाची संभोगक्षमता नष्ट होण्याची तक्रार आहे. चारचौघांत ज्याचा उच्चारही होत नाही, ते दुखणे हजारो माजी सैनिकांना अर्जात लिहावे लागते, परक्या डॉक्टरापुढे सांगावे लागते आणि अर्ज फेटाळला गेला की अपिलात पुन्हा सिद्ध करावे लागते. पुष्कळदा पत्नीलाही पुराव्यादाखल पत्र लिहून आपल्या संसाराची ही कहाणी सरकारी फाईलीत जमा करावी लागते.

हा विषय चेष्टेचा आहे असे मानणाऱ्यांची संख्या थोडी नाही. ‘हे तर उतारवयाचे दुखणे, त्याला जनतेच्या पैशातून भरपाई कशाला?’ असा प्रश्न उजव्या गोटातून केला जातो. वस्तुस्थिती वेगळी आहे. मणक्याला गोळी लागलेल्या सैनिकाचे मज्जातंतू निकामी होतात. मधुमेह रक्तवाहिन्या व मज्जातंतू पोखरतो. रणभूमीवरील भयाने मन उद्ध्वस्त झालेल्यांना नैराश्यावरील जी औषधे वर्षानुवर्षे घ्यावी लागतात, त्यांतील अनेकांचा लैंगिक क्षमतेवर अनिष्ट परिणाम होतो, हे वैद्यकशास्त्राने केव्हाच मान्य केले आहे. इराक व अफगाणिस्तानातील युद्धांत तर जमिनीत पेरलेल्या स्फोटकांनी सैनिकांच्या शरीराच्या याच भागावर घाला घातला. २००१ ते २०१३ या काळात अशा जननेंद्रिय व मूत्रमार्गाच्या जखमा झालेल्या अमेरिकन पुरुष सैनिकांची नोंदलेली संख्या १,३६७ आहे. त्यांतील बहुतेक सर्व पस्तिशीच्या आतले होते. त्यांच्यापुढे वार्धक्याचा दाखला देणे ही क्रूर थट्टा होय.

अमेरिकन कायद्याला हे नुकसान अमान्य आहे असे नाही. प्रजननक्षम इंद्रियाचा उपयोग गमावल्याबद्दल दरमहा विशेष भरपाई देण्याची तरतूद त्यात आहे. २०२५ साली ही रक्कम सुमारे १३६ डॉलर होती. पंचविशीतला तरुण असो वा सत्तरीतला वृद्ध, आकडा तोच. एरवी अपंगत्वाची भरपाई टक्केवारीने ठरते. इंद्रियाला विकृती येऊन क्षमता गेली असेल तर पूर्वी वीस टक्के अपंगत्व मान्य होत असे. नोव्हेंबर २०२१ पासून लागू झालेल्या सुधारित कोष्टकात इंद्रियशैथिल्यापुढे शून्य टक्के लिहिले आहे. म्हणजे विकार मान्य आणि अपंगत्व शून्य! विशेष भरपाईची ती ठरावीक रक्कम तेवढी शिल्लक राहिली.

ती रक्कम मिळवण्याची वाट मात्र खडतर आहे. विकार सैनिकी सेवेतून अथवा सेवेत जडलेल्या दुसऱ्या आजारातून उद्भवला, असे वैद्यकीय मत सैनिकाला दाखवावे लागते. ही तपासणी आज बहुसंख्य प्रकरणांत खात्याचे स्वतःचे डॉक्टर करीत नाहीत, नफ्यासाठी चालणाऱ्या कंत्राटी कंपन्यांनी नेमलेले डॉक्टर करतात. वय, धूम्रपान, मद्य, लठ्ठपणा अशी कारणे नोंदवून ‘सेवेशी संबंध नाही’ असा शेरा मारणे त्यांना सोपे असते. सेवेतील आजाराने दुसरा विकार निर्माण झाला नसला तरी तो बळावला असेल, तर त्या वाढीचीही भरपाई दिली पाहिजे, असा निर्णय माजी सैनिकांच्या अपील न्यायालयाने १९९५ साली दिला. तरीही डॉक्टर केवळ मूळ कारणावर मत देतात, विकार बळावला की नाही या प्रश्नाला स्पर्शच करीत नाहीत, आणि या एका त्रुटीपायी मंडळाला प्रकरण पुन्हा खालच्या कचेरीकडे पाठवावे लागते. चूक यंत्रणेची, प्रतीक्षा सैनिकाची! पुरावा दोन्ही बाजूंनी समतोल असेल तर संशयाचा फायदा सैनिकाला मिळावा, असे कायदा सांगतो. परंतु पुरावा तोलणारा तराजू कोणाच्या हाती आहे, हा खरा प्रश्न आहे.

हा तराजू जवळजवळ सव्वाशे वर्षे पूर्णपणे नोकरशाहीच्या हाती होता. १८६४ च्या कायद्यानुसार माजी सैनिकाच्या दाव्यासाठी वकिलाला दहा डॉलरपेक्षा अधिक फी घेता येत नसे. सैनिकाची लुबाडणूक होऊ नये, हा त्यामागे सांगितला गेलेला हेतू. प्रत्यक्षात त्याला वकीलच मिळेनासा झाला. अणुस्फोटांच्या किरणोत्साराने बाधित झालेल्या माजी सैनिकांच्या संघटनेने या मर्यादेला आव्हान दिले, तेव्हा १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारचीच बाजू उचलून धरली. १९८८ साली कायदा बदलला आणि तेव्हा कोठे मंडळाच्या निर्णयावर स्वतंत्र न्यायालयात दाद मागता येऊ लागली. व्हिएतनामहून परतलेल्या पिढीची उमेदीची वर्षे तोवर संपली होती.

व्हिएतनामचा उल्लेख येथे अपरिहार्य आहे, कारण अपिलांतील अनेक दाव्यांचे मूळ त्या युद्धात आहे. १९६२ ते १९७१ या काळात अमेरिकन विमानांनी व्हिएतनामच्या जंगलांवर व शेतांवर सात कोटी लिटरांहून अधिक तणनाशके फवारली. त्यांतील ‘एजंट ऑरेंज’मध्ये डायॉक्सिन हे जहाल विष होते. त्याचा आणि मधुमेहाचा संबंध अमेरिकन सरकारने २००१ साली भरपाईसाठी ग्राह्य धरला, उच्च रक्तदाबाचा तर २०२२ च्या कायद्याने. युद्ध संपल्यानंतर मधुमेहासाठी पाव शतक आणि रक्तदाबासाठी जवळपास अर्धे शतक लागले! या दोन्ही आजारांतून इंद्रियशैथिल्य जडते. सैनिकाला मात्र साखळीची ही शेवटची कडी आजही स्वतःच जोडून दाखवावी लागते.

विष बनवणाऱ्या मक्तेदार रसायन कंपन्यांनी १९८४ साली १८ कोटी डॉलर देऊन आपल्या सैनिकांशी तडजोड केली आणि दोष मात्र कबूल केला नाही. ज्यांच्या डोक्यावर ते विष ओतले गेले, त्या व्हिएतनामी जनतेला तेवढेही मिळाले नाही. त्यांचा दावा अमेरिकन न्यायालयाने २००५ साली फेटाळला. २००९ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे अपील ऐकण्यासही नकार दिला. व्हिएतनामी शेतकऱ्याला अर्ज करण्यासाठी मंडळ नाही, तपासणीसाठी डॉक्टर नाही आणि शून्य टक्क्यांचे कोष्टकही नाही. साम्राज्यवाद आपल्या सैनिकाला कागदांत गुंतवतो. ज्यांच्यावर तो आक्रमण करतो, त्यांना तर तो कागदावरही येऊ देत नाही.

ही वृत्ती केवळ अमेरिकेच्या राज्यकर्त्यांची नाही. भारतातही शेतकरी व कष्टकरी कुटुंबांतून सैन्यात गेलेल्या जवानांना अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनासाठी न्यायालयांचे उंबरठे झिजवावे लागले आहेत. भरतीच्या वेळी निरोगी ठरलेल्या जवानाला सेवेत आजार जडला, तर तो सेवेमुळेच जडला असे गृहीत धरावे आणि तसे नसल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर असावी, हे तत्त्व भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली धरमवीर सिंग यांच्या प्रकरणात स्पष्टपणे मांडले. त्यानंतरही सरकार आपल्याच अपंग जवानांविरुद्ध अपिले करीत राहिले. देशभक्तीची भाषणे करणाऱ्यांच्या तोंडी सैनिकाचा गौरव असतो, तर त्यांच्या फाईलीत त्याच्याविषयी संशय असतो.

या साऱ्याचा अर्थ एकच आहे. युद्ध पुकारण्याचा निर्णय ज्यांच्या हाती असतो, त्यांना त्याची किंमत मोजावी लागत नाही. ती श्रमिकाच्या मुलाच्या शरीरातून, त्याच्या पत्नीच्या मूक सोसण्यातून आणि कधी न जन्मलेल्या मुलांतून वसूल होते. युद्धात जायबंदी झालेल्यांना कृत्रिम गर्भधारणेचा उपचार देण्यास अमेरिकन काँग्रेसने १९९२ पासून बंदी घातली होती. ती २०१६ साली मर्यादित स्वरूपात उठवली गेली. बॉम्बसाठी निधी मिळायला अशी चोवीस वर्षे कधी लागत नाहीत!

म्हणून पुराव्याचे ओझे उलटले पाहिजे. युद्धावर पाठवलेल्या माणसाचे शरीर मोडले, तर ते युद्धाने मोडले नाही हे राज्यकर्त्यांनी सिद्ध करावे. लाज वाटायचीच असेल तर ती त्यांना वाटली पाहिजे, अपिलाच्या कागदावर सही करणाऱ्या सैनिकाला नव्हे. आणि व्हिएतनामच्या शेतकऱ्याची फाईल जोवर कोठेच उघडली जात नाही, तोवर त्या युद्धाचा हिशेब पुरा झाला, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.