आडनाव न विचारणारा खेळ

अभ्यासिकेत पोरं मोबाईलवर गेम खेळताना दिसली की आम्ही कार्यकर्ते लगेच भाषण सुरू करतो. बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करायचे आणि तुम्ही? पोरं मान खाली घालतात, आमची पाठ वळली की पुन्हा सुरू. या भाषणाने आजवर एकही मोबाईल खिशात गेलेला नाही. म्हणून आज खेळाबद्दलच बोलू.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठाने २००८ साली 'फोल्डइट' नावाचा खेळ आणला. आपल्या शरीरातली प्रथिनं म्हणजे लांब साखळ्या. साखळीची घडी कशी पडते त्यावर ते प्रथिन काय काम करणार हे ठरतं. ही घडी शोधणं संगणकालाही जड जात होतं. खेळाडूने पडद्यावर ती साखळी ओढायची, वळवायची, दाबून बसवायची. घडी जितकी नीट, तितके गुण जास्त.

माकडांमध्ये एड्ससारखा आजार निर्माण करणाऱ्या एका विषाणूच्या प्रथिनाची रचना शास्त्रज्ञांना दहा वर्षांहून अधिक काळ सापडत नव्हती. ते कोडं फोल्डइटवर टाकलं. खेळाडूंच्या गटांनी सुमारे तीन आठवड्यांत असा आराखडा दिला की त्यावरून शास्त्रज्ञांना खरी रचना उलगडता आली. २०११ साली तो शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि लेखकांच्या यादीत खेळाडूंच्या गटांची नावं होती. फोल्डइटच्या बहुतेक खेळाडूंना जीवरसायनशास्त्राचं शिक्षण नव्हतं.

आता आरक्षणाचा विषय निघाला की 'मेरिट, मेरिट' ओरडणाऱ्यांना आमचा प्रश्न आहे. या लोकांकडे हे मेरिट कुठून आलं? जन्मातून नाही, पदवीतूनही नाही. खेळाच्या सुरुवातीला सोपी कोडी ठेवली होती, ती सोडवत ते शिकले. त्यांनी गट केले आणि आपल्या युक्त्या 'रेसिपी' म्हणून एकमेकांना दिल्या. त्यातली एक रेसिपी तर शास्त्रज्ञ स्वतः गुपचूप तयार करत असलेल्या पद्धतीशी जुळणारी निघाली. कुणीतरी शिडी लावली, चढणारे चढले. आमच्या पिढ्यान् पिढ्यांना शिडीच नाकारली आणि वर म्हणाले, यांना चढता येत नाही.

पण आम्ही या खेळाची आरती ओवाळणार नाही. खेळ आडनाव विचारत नाही हे खरं, पण खेळापर्यंत पोहोचण्याआधीच बरंच काही विचारलं जातं. फोल्डइटला संगणक लागतो, आमच्या वस्तीत घरटी मोबाईल आहे, संगणक नाही. इंग्रजी लागतं. मोकळा वेळ लागतो, आणि बारा तास डिलिव्हरी करून आलेल्या पोराकडे तो कुठून असणार?

दुसरा प्रश्न फुकट श्रमाचा. वेठबिगारी काय असते हे आमच्या आज्या-पणज्यांनी भोगलंय. त्यामुळे कुणी 'विज्ञानासाठी फुकट राबा' म्हटलं की आमचे कान टवकारतात. म्हणूनच नावाचा मुद्दा आम्हाला मोठा वाटतो. 'इटर्ना' या आरएनए रचण्याच्या खेळातल्या खेळाडूंनी तर २०१६ साली स्वतः प्रमुख लेखक म्हणून शोधनिबंध लिहिला. श्रमाला नाव मिळालं तर तो सहभाग, नाही मिळालं तर ती वेठ. उद्या कोणताही प्रकल्प आपल्याकडे आला, तर पहिला प्रश्न हाच विचारा.

तोवर करायचं काय? जयंतीच्या वर्गणीतून डीजेचा एक दिवस कमी करा आणि अभ्यासिकेत एक जुना का होईना संगणक बसवा. रविवारी दोन तास पोरापोरींनी गटाने कोडी सोडवावीत. आपल्यातल्या एमएस्सी झालेल्या दादा-ताईंनी शेजारी बसून मराठीतून समजावावं. यातून उद्या कुणी शास्त्रज्ञ होईलच असं आम्ही म्हणत नाही. पण प्रयोगशाळेचं दार आपल्यासाठी नाही, ही मनात बसवलेली भीती जाईल. ती गेली तरी पुष्कळ झालं.

जय भीम!