नवा टीव्ही : दुकानातला आणि घरातला

घरात नवा टीव्ही येतो तो दिवस आजही छोट्या सणासारखाच असतो. खोका उघडताना घरातले सगळे भोवती जमतात, थर्माकोलचे तुकडे खोलीभर होतात, शेजारची मुले दारातून डोकावून जातात. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला आणि ‘आता जरा मोठाच घेऊ’ असा ठराव बऱ्याच घरांत झाला. आमच्याकडेही झाला. ४३ इंची फोर-के स्मार्ट टीव्ही आमच्या दिवाणखान्यात आला, त्याला आता तीन महिने होऊन गेले.

मला नव्या उपकरणांचा नाद आहे. पण अशा वस्तूबद्दल पहिल्या आठवड्यात बोलू नये, कारण तेव्हा सगळेच छान दिसते. नवलाई ओसरल्यावर जे उरते, तेच खरे. कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही. हे सदर जाहिरातीसाठी नाही आणि पुढे जे सांगणार आहे ते या किमतीच्या बहुतेक टीव्हींना लागू पडते.

फोर-के कुठून दिसते?

फोर-के पडद्यावर आडवे ३,८४० आणि उभे २,१६० ठिपके असतात. म्हणजे एकूण सुमारे ८३ लाख. फुल एचडीत ते पावणे एकवीस लाखांच्या आसपास असतात. चौपट ठिपके म्हणजे चौपट चांगले चित्र, असे दुकानदार सांगतो आणि दुकानात ते पटतेही, कारण तिथे आपण पडद्यापासून दोन हातांवर उभे असतो.

घरी मात्र आपण कोचावर बसतो. माणसाची नजर किती बारीक पाहू शकते याचा हिशेब केला, तर ४३ इंची पडद्यावर साधारण साडेपाच फुटांच्या पलीकडून फुल एचडी आणि फोर-के यांतला फरक जवळजवळ कळत नाही. आमचा कोच नऊ फुटांवर आहे. तुमचाही बहुधा तेवढ्याच अंतरावर असेल. म्हणून टीव्ही घेण्याआधी घरात टेप घेऊन अंतर मोजा. ठिपक्यांच्या संख्येसाठी जादा पैसे देण्यापेक्षा तेच पैसे पडद्याच्या आकाराला किंवा आवाजाला लावलेले बरे.

दुसरी गोष्ट अनेकांना खटकते. नव्या टीव्हीवर रोजच्या वाहिन्या जुन्यापेक्षा वाईट दिसतात! ‘टीव्ही बिघडलेला आला’ म्हणून तक्रारी होतात. दोष टीव्हीचा नसतो. साध्या, म्हणजे एचडी नसलेल्या वाहिनीच्या चित्रात ७२० गुणिले ५७६ एवढेच ठिपके असतात. ते फोर-के पडद्यावर भरायचे तर एकेका ठिपक्याचे वीस ठिपके करावे लागतात. जुन्या २१ इंची टीव्हीत जे झाकून जात होते, ते इथे उघडे पडते. यावर उपाय एकच, रोज पाहिल्या जाणाऱ्या चार-पाच वाहिन्या एचडीत घेणे. त्यासाठी सेट-टॉप बॉक्सही एचडी हवा, हे विसरू नका.

चकचकीत चित्राचे रहस्य

दुकानात वीस टीव्ही शेजारी शेजारी लावलेले असतात आणि वरून ट्यूबलाइटचा लख्ख उजेड. त्या गर्दीत उठून दिसावे म्हणून चित्र भडक ठेवलेले असते. पांढरा रंग निळसर, गवत पोपटी, माणसांचे चेहरे नारिंगी. घरी आल्यावरही टीव्ही पुष्कळदा तशाच भडक मांडणीत राहतो आणि मग रात्री डोळे चुरचुरतात.

सेटिंगमध्ये ‘पिक्चर मोड’ शोधा. ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’ असेल तर तो बदलून ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ करा. पहिले दोन दिवस चित्र पिवळट आणि मंद वाटेल. तिसऱ्या दिवशी चेहरे चेहऱ्यांसारखे दिसू लागतील आणि आधीचे चित्र किती भडक होते ते लक्षात येईल. पडद्यामागचा प्रकाश कमी केला की वीजही वाचते, कारण टीव्हीतली बरीचशी वीज तो प्रकाशच खातो. ८० वॉटचा टीव्ही रोज पाच तास चालला, तर महिन्याला १२ युनिट होतात. त्यातले दोन-तीन वाचले तरी काय वाईट?

आणखी एक खोडी आहे. सिनेमा सेकंदाला २४ चित्रे या वेगाने घेतलेला असतो. टीव्ही त्यांच्या मधल्या जागी स्वतः तयार केलेली चित्रे घुसवतो आणि हालचाल गुळगुळीत करतो. क्रिकेटचा चेंडू त्यामुळे छान दिसतो, पण जुना सिनेमा स्टुडिओत घेतलेल्या मालिकेसारखा दिसू लागतो. याला कंटाळून डिसेंबर २०१८ मध्ये अभिनेता टॉम क्रूझ याने दिग्दर्शक क्रिस्टोफर मॅक्वारी यांच्यासह एक चित्रफीत काढून ‘ही सोय बंद करा’ असे प्रेक्षकांना सांगितले होते. प्रत्येक कंपनी तिला वेगळे नाव देते. नावात बहुधा ‘मोशन’ हा शब्द असतो. सामन्याला चालू, सिनेमाला बंद, हे सोपे सूत्र.

आवाज कुठे गेला?

टीव्ही जितका सडपातळ, तितका आवाज बारीक. स्पीकरला जागाच उरत नाही. शिवाय तो खाली किंवा मागे भिंतीकडे तोंड करून असतो. संगीत दणदणीत ऐकू येते आणि संवाद पुटपुटल्यासारखे. घरात ज्येष्ठ मंडळी असतील तर ही मोठी अडचण होते. आवाज वाढवत न्यावा लागतो आणि शेजाऱ्यांची बोलणी खावी लागतात.

पैसे खर्च न करता दोन गोष्टी करता येतात. ‘साउंड मोड’मध्ये बातम्यांसाठी किंवा स्पष्ट आवाजासाठीचा पर्याय असतो, तो निवडा. आणि ॲपमध्ये ५.१ ऐवजी साधा स्टिरिओ आवाज निवडता येत असेल, तर तो घ्या. एवढ्याने भागले नाही तर छोटा साउंडबार. तो टीव्हीच्या ‘एआरसी’ लिहिलेल्या एचडीएमआय जोडणीत लावला, तर त्याच्यासाठी निराळा रिमोट हाताळावा लागत नाही.

दुपारची वेळ

आता खरा मुद्दा. आमच्या घरी टीव्ही सर्वांत जास्त पाहतात त्या माझ्या ७४ वर्षांच्या सासूबाई. आम्ही दोघे नोकरीवर, मुलगी शाळेत. दुपारी त्या एकट्या. जुन्या टीव्हीचे त्यांचे गणित पक्के होते. एका रिमोटने टीव्ही सुरू करायचा, दुसऱ्याने वाहिनी लावायची. नवा टीव्ही सुरू केला की समोर येतात सिनेमांच्या चित्रांच्या रांगा आणि जाहिराती. वाहिन्या हव्या तर आधी ‘सोर्स’, मग ‘एचडीएमआय १’. एक बटण चुकले की यूट्यूब उघडते आणि परतीची वाट सापडत नाही.

पहिले दोन आठवडे सासूबाई दुपारी टीव्ही न लावता बसून राहिल्या. विचारले तर म्हणाल्या, “अगं, मला आता फारसं बघावंसं वाटत नाही. तू घरी आलीस की लावून दे.” बघावेसे वाटत नव्हते असे नाही. बटण दाबायची धास्ती वाटत होती. आपल्याच घरात, रोजच्या वस्तूसाठी दुसऱ्याची वाट पाहावी लागणे हे लहान दुःख नव्हे.

उपाय टीव्हीतच होता. बऱ्याच टीव्हींच्या सेटिंगमध्ये ‘सुरू होताना काय दाखवायचे’ असा पर्याय असतो. तिथे सेट-टॉप बॉक्सची जोडणी निवडली की टीव्ही थेट वाहिनीवर सुरू होतो. बॉक्सच्या रिमोटवर टीव्हीसाठी एक बटण असते. त्याला टीव्हीच्या रिमोटवरून ‘शिकवले’ की एकाच रिमोटवर काम भागते. आम्ही त्या बटणावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला आणि टीव्हीचा रिमोट कपाटावर ठेवला. दुपारची मालिका पुन्हा सुरू झाली.

तुमच्या टीव्हीत हा पर्याय आहे का, हे घेण्याआधी दुकानातच रिमोट हातात घेऊन पाहा. घरातल्या ज्येष्ठांना सोबत नेता आले तर अधिक चांगले.

टीव्हीही पाहतो आहे

स्मार्ट टीव्ही पहिल्यांदा सुरू करताना ‘मान्य आहे’ अशी चार-पाच पाने येतात. जोडायला आलेला माणूस ती भराभर दाबून टाकतो. त्याला थांबवा. पडद्यावर काय चालले आहे ते ओळखून कंपनीला कळवण्याची सोय अनेक टीव्हींत असते. अमेरिकेत व्हिझिओ कंपनीने ग्राहकांच्या नकळत १ कोटी १० लाख टीव्हींवरून अशी माहिती गोळा केल्याचा आरोप सरकारी यंत्रणांनी ठेवला आणि २०१७ मध्ये कंपनीला २२ लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटवावे लागले. ‘प्रायव्हसी’ या विभागात जाऊन पाहण्याच्या सवयींची नोंद आणि तुमच्या आवडीनुसार जाहिराती हे दोन्ही बंद करा. टीव्ही तसाच चालतो. मुलांसाठी वेगळे प्रोफाइल आणि पिन तेव्हाच लावून टाका.

किती वर्षे टिकेल?

पडदा आठ-दहा वर्षे सहज चालू शकतो. त्यातला ‘स्मार्ट’ भाग मात्र आधी थकतो. कंपनी सुधारणा पाठवणे थांबवते, ॲप अडखळू लागतात आणि ‘टीव्ही जुना झाला’ असे वाटू लागते. तेव्हा टीव्ही बदलू नका. काही हजारांत मिळणारी स्टिक एचडीएमआयमध्ये लावली की तोच पडदा पुन्हा चालू लागतो. आणि जुना टीव्ही टाकायचाच असेल तर भंगारवाल्याला देण्याऐवजी एक्स्चेंजमध्ये किंवा अधिकृत ई-कचरा केंद्रात द्या.

थोडक्यात, टीव्ही घेण्याआधी कोचापासूनचे अंतर मोजा आणि दुकानात रिमोट स्वतः हाताळा. टीव्ही घरी आल्यावर पहिल्याच रविवारी दोन तास काढून चित्र, आवाज, सुरू होण्याची जागा आणि प्रायव्हसी या चार गोष्टी घराप्रमाणे जुळवा. मग ज्यांना टीव्ही रोज लागतो त्यांच्या हाती रिमोट द्या आणि तुम्ही खोलीबाहेर जा. त्यांनी हाक न मारता वाहिनी लावली, तर काम पुरे झाले.