पेटीत काय काय ठेवायचं?



आखाजी झाली आणि आठवडाभरात आमची पुस्तकांची पेटी धुळे जिल्ह्यातल्या एका गावाहून परत आली. पेटी म्हणजे पत्र्याची ट्रंक, कोणाच्या तरी रुखवतातली. झाकणावरचं रंगवलेलं कमळ अजून पुसलेलं नाही. चाळीस-बेचाळीस पुस्तकं तिच्यात बसतात. बचतगटातल्या एकीच्या ओट्यावर ती दोन-तीन महिने राहते, मग एसटीच्या टपावरून किंवा कोणाच्या मोटरसायकलवरून पुढच्या गावाला जाते. जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांत आमचं हे काम सुरू आहे.

पेटी परत आली की आम्ही सतरंजीवर पुस्तकं मांडतो आणि कुठलं किती मळलं आहे ते बघतो. रजिस्टरात काय लिहिलंय त्यापेक्षा हा पुरावा मला जास्त खरा वाटतो. हळदीचे डाग, तेलाची बोटं, बाळाने चघळलेला कोपरा. या वेळी सर्वांत कोरी राहिली ती आमचीच प्रकाशनं. कौटुंबिक हिंसाचार कायद्याची पुस्तिका आणि रेशनकार्डाची माहितीपत्रकं अगदी नव्यासारखी होती. लहान मुलांच्या गोष्टींची मात्र पानं सुटली होती. शान्ता शेळके यांचं ‘चौघीजणी’ पेटीत नव्हतंच.

यावरून आमच्या बैठकीत बरीच वादावादी झाली. एक ज्येष्ठ कार्यकर्ती म्हणाली, “आपण काय करमणुकीची लायब्ररी चालवतोय? पेटीत जागा मोजकी आहे, ती संघटनेच्या कामाच्या पुस्तकांना द्या.” दुसरीचं म्हणणं याच्या उलट. बायका दिवसभर कपाशीत नाहीतर कांद्याच्या शेतात राबून येतात, त्यांना पुन्हा अत्याचाराचीच पुस्तकं कशाला? माझं मत तेव्हा धड मांडता आलं नाही, म्हणून या अंकात मांडते आहे. त्यातच पुस्तकांची शिफारसही होऊन जाईल.

सुरुवात इतिहासापासून करते, कारण त्याबद्दल माझा स्वतःचाच अंदाज चुकला होता. मला वाटायचं, क्रांतीचा इतिहास म्हणजे सनावळ्या, तो कोण वाचणार? एका दुपारी शिंदखेडा तालुक्यात आम्ही चिमठाण्याची हकिगत मोठ्याने वाचली. १४ एप्रिल १९४४ रोजी साताऱ्याच्या प्रतिसरकारातले नागनाथ नायकवडी आणि त्यांचे साथी, खानदेशातल्या क्रांतिकारकांच्या मदतीने, चिमठाण्याजवळ सरकारी खजिना अडवतात. सुमारे साडेपाच लाख रुपये हाती लागतात. वाचून झाल्यावर काही क्षण कोणी बोललंच नाही. मग एकजण म्हणाली, “म्हणजे आपल्या रस्त्यावर?” त्याच रस्त्याने ती दर आठवड्याला बाजाराला जाते आणि हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. त्यानंतरचा तासभर चर्चेचा विषय एकच: एवढी माणसं लपली कुठे, जेवली कुठे, भाकरी कोणी थापल्या? या प्रश्नाला पुस्तकात फार थोडी जागा होती. बायकांनी मात्र तो पहिल्याच बैठकीत विचारला.

म्हणून माझं म्हणणं असं की इतिहास जवळचा घ्यावा. नंदुरबारला ९ सप्टेंबर १९४२ रोजी शिरीषकुमार आणि त्याचे चार साथी गोळीबारात गेले. ती शाळेच्या वयातली मुलं होती हे आपल्या मुलींना कळलं पाहिजे. बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात गेलेल्या, तिथून निसटून भूमिगत झालेल्या अमळनेरच्या लीलाताई पाटील या ‘कोणाच्या पत्नी’ म्हणून नव्हे तर त्यांच्या स्वतःच्या नावाने कळल्या पाहिजेत. आणि १९७२नंतरचा शहादा. तेव्हा तो धुळे जिल्ह्यातच होता, नंदुरबार जिल्हा वेगळा झाला १ जुलै १९९८ रोजी. अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटना यांच्याबद्दल लेख पुष्कळ सापडतात. पण गावोगाव जाऊन दारूची मडकी फोडणाऱ्या भिल्ल बायकांची हकिगत गेल ऑम्वेट यांनी १९८० साली इंग्रजी पुस्तकात लिहिली आणि ती जगभर वाचली गेली. शहाद्याच्या बायकांपर्यंत ती मराठीतून पोचवण्याचं काम आपलं आहे.

पूर्ण पुस्तकंच हवी असतील तर माझ्या तीन शिफारशी. गोदावरी परुळेकर यांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’. वारली वेठबिगारांच्या उठावाचं हे पुस्तक १९७० साली आलं आणि १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पुरस्कार मिळूनही ते सोपं राहिलं आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत ते प्रकरणाप्रकरणाने मोठ्याने वाचा, आपल्याकडच्या सालदारांची आठवण निघतेच. दुसरं, उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९). आंबेडकरी चळवळीत उतरलेल्या बायकांना त्यांनी घरोघर जाऊन गाठलं, बोलतं केलं. आपल्या गटांना हे पुस्तक इतिहास म्हणून तर हवंच, पण इतिहास गोळा कसा करायचा हे शिकण्यासाठीही हवं. हे वाचल्यावर आमच्या दोन मुलींनी आज्यांच्या मुलाखती वहीत उतरवायला घेतल्या.

तिसरं ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’, १८८२चं. ताराबाई बुलढाण्याच्या, आणि त्यांना लिहायला भाग पाडलं ते सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेवर चाललेल्या खटल्याने. एका अंगाला बुलढाणा, दुसऱ्या अंगाला सुरत, मध्ये आपला खानदेश. तरी आपल्याकडे हे नाव बी.ए.च्या अभ्यासक्रमाबाहेर फारसं ऐकू येत नाही. भाषा जुनी आहे, एकटीने वाचायला जड जाईल. पण गटात कोणी ठसक्यात वाचून दाखवलं तर बायका हसून हसून बेजार होतात. रागाचं पुस्तक इतकं हसवतं याचं मला दर वेळी नवल वाटतं.

ज्यांना अक्षरं येत नाहीत त्यांचं काय, असं विचाराल. त्यांच्यासाठी बहिणाबाई आहेत. आसोद्याच्या या बाईला लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात म्हटलेली गाणी मुलगा सोपानदेव आणि घरच्यांनी टिपून ठेवली आणि त्या गेल्यावर १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. २०१८पासून जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. पेटीत त्यांची एक प्रत असतेच, आणि ती वाचण्यापेक्षा ‘बरोबर छापलंय का’ हे तपासण्यासाठी जास्त उघडली जाते. बायका आधी गाणं म्हणतात, मग आम्हांला पान शोधायला लावतात.

आता लहान मुलांच्या पुस्तकांकडे येते. इथे मला जास्त थांबायचं आहे.

सुट्टीतल्या गोष्टी म्हटल्या की मामाचा गाव, आमराई, विहिरीत पोहणं हे ठरलेलं. एका दुपारी अशीच एक गोष्ट संपल्यावर दहा वर्षांची मुलगी मला म्हणाली, “ताई, या पोरी सुटीमा कामच नही करतस का?” तिच्या घरचे ऊसतोडीला जातात. सुट्टी लागायच्या सुमारास ते परत येतात तेव्हा पाणी, धाकटं भावंड, चूल हे सगळं हिच्यावर. तिचा मामाही ऊसतोडीलाच. मग या गोष्टी देऊच नयेत का? मी त्या रात्री पेटीतून दोन पुस्तकं काढून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी तीच मुलगी ती मागायला आली. आपलं आयुष्य पुस्तकात दिसायला हवं हे खरं. पण जे आपल्याला मिळालेलं नाही ते कसं असतं हे पाहण्याचाही तिचा हक्क आहे, आणि आम्ही शहाणपणाने तो काढून घेणार होतो.

तेव्हा ही पुस्तकं ठेवाच. ‘तोत्तोचान’ ठेवा. पहिल्या शाळेतून काढून टाकलेली ही जपानी मुलगी नव्या शाळेत जाते, आणि तिथले मुख्याध्यापक पहिल्याच दिवशी चार तास तिचं बोलणं ऐकून घेतात. आमच्याकडच्या मुलींना आगगाडीच्या डब्यांत भरणाऱ्या वर्गांपेक्षा या चार तासांचं अप्रूप जास्त वाटलं. ना. धों. ताम्हनकरांची ‘चिंगी’ ठेवा. व्रात्यपणा हा ‘गोट्या’चाच मक्ता नाही हे त्यांनी फार पूर्वी दाखवून ठेवलं आहे. माधुरी पुरंदरे यांचं ‘राधाचं घर’ लहानांना तर आवडतंच, नव्याने अक्षरं जुळवणाऱ्या आयांनाही ते चालतं. अक्षर मोठं, वाक्यं छोटी, आणि कोणी शहाणपणा शिकवत नाही. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१पासून निघतं आहे. जुने अंक मिळतील तिथून उचला.

‘श्यामची आई’वर मात्र आमच्यात एकमत नाही. साने गुरुजी आपले. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात त्यांनी शिकवलं, १९३२ साली विनोबांची गीता-प्रवचनं धुळ्याच्या तुरुंगात त्यांनीच लिहून घेतली. पुढच्या वर्षी नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली. हे पुस्तक वगळा असं मी म्हणणार नाही. पण बक्षीस समारंभात मुलींना तेच ते मिळतं आणि त्यातून त्या सोसणं तेवढं शिकतात. आम्ही वाचून झाल्यावर विचारतो, श्यामच्या आईचं नाव काय? यशोदा हे नाव फार थोड्यांना सांगता येतं. मग विचारतो, श्याम मुलगी असता तर? इथून बोलणं रंगतं. याच गुरुजींची पुतणी सुधाला लिहिलेली ‘सुंदर पत्रे’ही जोडीला ठेवावीत. मुलीला जग दाखवावं, नुसतं वळण लावू नये, हे त्यात दिसतं.

वाचनालयं असताना पेटी कशाला, असंही विचारलं जातं. १९६७च्या कायद्यामुळे महाराष्ट्रात गावोगाव वाचनालयं झाली, ही लहान गोष्ट नाही. पण आमच्या बऱ्याच गावांत ते चावडीशेजारी असतं, संध्याकाळी उघडतं आणि बाकांवर पुरुष पेपर वाचत बसलेले असतात. मी स्वतः जळगावात वाढले. १९९४ साली तिथलं वासनाकांड उघडकीला आलं तेव्हा मी जेमतेम चालायला शिकले असेन. तरी पुढे शाळेत असताना वाचनालयातून अंधार पडायच्या आत घरी यायचं हा नियम त्याच भीतीतून आलेला होता. गुन्हा करणारे दुसरे आणि वाचनालय बंद झालं माझं. पेटी ओट्यावर येते तेव्हा निदान ती परवानगी मागावी लागत नाही.

आणि आता ‘चौघीजणी’. ते कोणाकडे आहे हे आम्हांला ठाऊक आहे. नववीतली मुलगी. रजिस्टरात तिच्या नावावर हे एकच पुस्तक तीन वेळा वाढवून दिलेलं दिसतं. आम्ही कौतुक केलं, एवढं जाड पुस्तक! त्यातली ज्यो चांगल्या घरच्या, चांगल्या स्वभावाच्या, तिच्यावर जीव असलेल्या मुलाला ‘नाही’ म्हणते. ती पानं ही मुलगी पुन्हा पुन्हा का वाचते आहे हे आमच्यातल्या एकीलाही विचारावंसं वाटलं नाही. आखाजीच्या मुहूर्तावर तिचं लग्न दुसऱ्या जिल्ह्यात नेऊन लावलं. आम्हांला कळलं तेव्हा झोके सोडले गेले होते. २०११च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली होत्या ८४२. त्या वेळची बाळं आता लग्नाच्या वयाला टेकली आहेत. ‘मुली मिळत नाहीत’ म्हणून हातात आहे तिला लवकर उजवून टाकायची, हे सगळीकडे ऐकू येतं. याच पेटीत बालविवाह प्रतिबंधक कायद्याची पुस्तिका कोरी पडून होती. तिच्याकडे जाईल अशी गोष्ट आम्ही तिला दिली. पण गोष्टीमागोमाग बोलायला बसायचं ते राहिलं.

बैठकीत कोणी म्हणालं की अनामत रक्कम जप्त करू. मी नको म्हटलं.

त्या वादातून एक निघालं ते बरं झालं. आता गोष्टीच्या प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्यावर आतून आम्ही १०९८ हा बालमदतीचा क्रमांक आणि गावातल्या कार्यकर्तीचं नाव चिकटवलं आहे. एकच पुस्तक कोणी दोनदा वाढवून नेलं तर तिसऱ्यांदा आमच्यापैकी एकजण घरी जाऊन तासभर बसून येईल, हेही ठरलं आहे. ज्येष्ठ कार्यकर्तीने कायद्याच्या पुस्तिकेची जागा सोडलेली नाही, आणि ते योग्यच आहे. ‘चौघीजणी’ची दुसरी प्रत विकत घेतली.

पेटी जूनमध्ये साक्रीकडे जाईल. तुमच्या गटात बायकांनी आणि मुलींनी कुठली पुस्तकं मळवली तेवढं आम्हांला कळवा. तुम्हांला कुठली आवडली ते मागाहून लिहिलंत तरी चालेल. आणि ‘किशोर’चे जुने अंक कोणाकडे असतील तर ते टाकू नका, आम्ही घेऊन जाऊ.