मोटारीची पाठवणी

कोल्हापूर-मिरज रेल्वे १८९१ सालीं सुरू झाली, तेव्हांपासून या गांवच्या मुलांच्या ट्रंका आणि वळकट्या परगांवीं जात आल्या. सामान डब्यांत चढलें व पावती हातीं आली, कीं घरचीं वडील माणसें निश्चिंत होत. आतां मुलें बंगळूर, हैदराबाद, गुरुग्राम येथें संसार थाटतात, आणि त्यांच्यामागून पाठवावयाची वस्तु ट्रंक नसून मोटार असते. ती कशी पाठवावी, याविषयीं चार शब्द लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें.

कोल्हापुरावरून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ चें एक टोंक दिल्लीस आहे व दुसरें चेन्नईस. बंगळूर त्याच रस्त्यावर एका दिवसाच्या पल्ल्यांत आहे. तेथवर घरच्या माणसानेंच गाडी चालवीत न्यावी, हें उत्तम. परंतु दिल्लीकडील पल्ला पंधराशे किलोमीटरांहून अधिक. तेथें मोटारी वाहून नेणाऱ्या ट्रकावर गाडी चढविणेंच बरें. प्रश्न उरतो तो एवढाच, कीं गाडी सोपवावयाची कोणाच्या हातीं?

आमच्या पेठेंतील एका सेवानिवृत्त दांपत्यानें आपली गाडी कन्येकडे गुरुग्रामास धाडली. सर्वांत कमी भाडें सांगणाऱ्या एका गृहस्थाशीं टेलिफोनवर बोलणें झालें. ठरल्या दिवशीं एक अनोळखी तरुण आला आणि किल्ली घेऊन गेला. पांचव्या दिवशीं भलत्याच माणसाचा निरोप आला, कीं गाडी वाटेंत एका आवारांत उभी आहे, आणखी पैसे पाठवा म्हणजे पुढें निघेल. बिचाऱ्यांनीं पैसे पाठविले. गाडी पोंचली ती आरसा फुटलेली आणि दार चेपलेली. दाद कोणाकडे मागावयाची? भाडें ठरविणारा एक, किल्ली नेणारा दुसरा, पैसे मागणारा तिसरा; आणि कागद एकाचाहि नाहीं!

आमच्या प्राचीन व्यवहारशास्त्राला ही अडचण अपरिचित नव्हती. मनूनें सांगितलेल्या अठरा व्यवहारपदांत ऋणादानाच्या पाठोपाठ निक्षेपाचें, म्हणजे ठेवीचें, स्थान आहे. स्मृतिकार व टीकाकार येथें एक सूक्ष्म भेद करितात. समोर मोजून, दाखवून दिलेली ठेव ती निक्षेप. आंत काय आहे तें न सांगतां, बंद करून दिलेली ती उपनिधि. आमचें म्हणणें इतकेंच, कीं मोटार ही निक्षेप म्हणून द्यावी, उपनिधि म्हणून देऊं नये. ट्रकावर चढविण्यापूर्वीं दिवसाउजेडीं चारी बाजूंनीं तिचीं छायाचित्रें घ्यावींत. आधींचे ओरखडे, किलोमीटरांचा आंकडा, जादा चाक, हत्यारें यांची यादी करून तीवर नेणाऱ्याची सही घ्यावी. घरांतील भांडींकुंडीं गाडींत भरण्याचा मोह आवरावा, आणि पेट्रोल चढविण्या-उतरविण्यापुरतेंच ठेवावें.

आधुनिक कायदाहि याच वाटेनें जातो. १८६५ चा जुना वाहतूकदार कायदा जाऊन २००७ चा रस्तेवाहतूक कायदा १ मार्च २०११ पासून अमलांत आला. त्यान्वयें वाहतूकदारानें परिवहन प्राधिकरणाकडे नोंदणी केलेली असली पाहिजे. माल देणारानें मालाची किंमत नमूद करून पत्रक भरावयाचें व वाहतूकदारानें त्याची पावती, म्हणजे बिल्टी, द्यावयाची. दलाल व एजंट हेहि या कायद्याच्या कक्षेंत येतात. म्हणून मध्यस्थ असणें हा दोष नव्हे. बिल्टीवर जबाबदार माणसाचें नांवच नसणें, हा दोष होय.

यांत एक गणित मात्र ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. अधिक जोखमीचा दर आधीं ठरवून दिला नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी सामान्यतः भाड्याच्या दहा पटींपुरतीच राहते. समजा, भाडें वीस हजार रुपये ठरलें आणि गाडी सहा लाखांची आहे. तर भरपाईची मर्यादा दोन लाख झाली! यास्तव किंमत लिहावी, जोखमीचा दर विचारावा आणि गाडीचा विमा तपासून पाहावा. सर्वंकष विम्यांत रस्त्यानें अथवा रेल्वेनें वाहून नेतांना होणारें नुकसान सहसा समाविष्ट असतें. केवळ तृतीय पक्षाच्या विम्यांत तें नसतें. नुकसान झाल्यास माल सोपविल्यापासून १८० दिवसांच्या आंत लेखी नोटीस द्यावी लागते. गाडी परराज्यांत बारा महिन्यांहून अधिक राहावयाची असेल, तर आमच्या एम.एच. ०९ क्रमांकाच्या जागीं तेथील नवा क्रमांक घ्यावा लागतो, आणि त्यासाठीं येथील परिवहन कार्यालयाचें ना-हरकत प्रमाणपत्र लागतें.

वाहतूकदाराशीं प्रत्यक्ष व्यवहार कसा असावा, याचा एक नमुना कोंकण रेल्वेनें २०२५ च्या गणेशोत्सवांत घालून दिला. रायगड जिल्ह्यांतील कोलाडपासून गोव्यांतील वेर्ण्यापर्यंत मोटारी वाहून नेणारी गाडी तिनें सुरू केली. एका मोटारीचें भाडें ७,८७५ रुपये, एका फेरींत चाळीस मोटारींची सोय, आणि मोटारीबरोबर तिघांना त्याच गाडीच्या डब्यांतून वेगळें तिकीट काढून जातां येई. किमान सोळा मोटारी न मिळाल्यास फेरी होणार नाहीं, हेंहि आधींच जाहीर केलेलें होतें. भाडें ठाऊक, अट ठाऊक आणि नेणारा ठाऊक! कोल्हापूरकरांना दिल्लीकडे जाण्यास ही गाडी उपयोगी नाहीं, हें खरें. परंतु तिचा धडा उपयोगी आहे.

पुष्कळ घरीं ती मोटार म्हणजे आयुष्यभराच्या काटकसरीचें फळ असतें. दोन-चार हजार रुपये वांचविण्याच्या भरांत तें निनांवी हातीं देऊं नये. अंतर लांब आहे म्हणून गाडी बिघडत नाहीं. मधले हात अनोळखी आहेत म्हणून बिघडते. यासाठीं किल्ली देण्यापूर्वीं वाचकांनीं एवढेंच विचारावें: "बिल्टी कोणाच्या नांवाची, आणि ती आतां दाखवितां का?" उत्तर देतांना समोरचा चाचरला, तर किल्ली खुशाल खुंटीला अडकवून ठेवावी.