मधल्या मुक्कामाची तजवीज

गृहनिर्माण संस्थेच्या फळ्यावर जागा रिकामी करण्याची तारीख एकदा लागली, म्हणजे तीस-चाळीस वर्षे एकाच जिन्याने वर-खाली करीत आलेल्या कुटुंबांत जी लगबग सुरू होते, ती मी आमच्या उपनगरातील गल्लीत इतक्या वेळा पाहिली आहे, आणि एकदा स्वतःही तिच्यातून गेलो आहे, की पुनर्विकासाच्या या अवाढव्य उद्योगातील सर्वांत उपेक्षित प्रकरण कोणते, असे कोणी विचारल्यास मी निःशंकपणे मधल्या मुक्कामाचे नाव घेईन. जुने घर सोडल्यापासून नव्या घराची किल्ली हाती पडेपर्यंतची ती दोन-तीन, क्वचित पाच-सहा वर्षे. नव्या सदनिकेचे चटईक्षेत्र किती चौरस फुटांनी वाढणार, यावर सर्वसाधारण सभा मध्यरात्रीपर्यंत चालतात. पण तोवर राहावयाचे कोठे, हा प्रश्न 'भाडे मिळणारच आहे, जो तो आपली सोय पाहील' एवढ्या एका वाक्यात निकालात निघतो.

वस्तुतः शासनाने हा विषय इतका मोकळा सोडलेला नव्हता. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 79अ अन्वये 3 जानेवारी 2009 रोजी जे आदेश निघाले, आणि ज्यांची जागा पुढे 4 जुलै 2019 च्या शासननिर्णयाने घेतली, त्या मूळ आदेशांतच बांधकामाच्या काळात सभासदांची पर्यायी व्यवस्था विकासकाने शक्यतो त्याच भागात करावी अथवा सभासदांना मान्य होईल असे भाडे व अनामत द्यावी, पुनर्विकासाच्या सर्व कायदेशीर परवानग्या हाती आल्यावरच सभासदांनी जागा रिकामी करावी, आणि काम दोन वर्षांत, अपवाद म्हणून फार तर तीन वर्षांत पुरे व्हावे, असे नमूद होते. 'शक्यतो त्याच भागात' हे शब्द ज्या कोणाच्या लेखणीतून उतरले असतील, त्याला बिऱ्हाड हलविणे म्हणजे काय हे अंतःकरणापासून ठाऊक असावे. दुर्दैवाने प्रत्यक्ष करारनाम्यात उतरतो तो भाड्याचा आकडा. तो भाग मात्र हवेत विरून जातो.

असे होण्यास कोणाची दुष्ट बुद्धी लागत नाही. वाटाघाटींच्या वेळी ठरलेले भाडे प्रत्यक्ष स्थलांतराच्या दिवसापर्यंत वर्ष-दीड वर्षाने शिळे झालेले असते. त्यात एका इमारतीतील चोवीस कुटुंबे एकाच महिन्यात त्याच चार गल्ल्यांत घरे शोधू लागतात, त्यांच्या जोडीला शेजारच्या दोन इमारतीही त्याच सुमारास रिकाम्या होत असतात, आणि साहजिकच घरमालकांचे दर चढतात. मग पार्ल्याचे बिऱ्हाड मिरा रोडला पडते आणि मुलुंडचे डोंबिवलीस. नोकरी करणाऱ्या माणसाला लोकलचा तासभर प्रवास वाढतो, तो ते सोसतो. शाळकरी मुलाला शाळा बदलावी लागते, तेही वर्षभरात रुळते. सत्तरी ओलांडलेल्या माणसाची गोष्ट मात्र निराळी आहे, आणि तिच्यासाठीच मी हा लेख लिहावयास घेतला.

आम्ही घर सोडले तेव्हा माझ्या आईचे वय 81 होते. स्थलांतराच्या दिवशी तिला दगदग नको, म्हणून आम्ही तिला आदल्या दिवशीच बहिणीकडे पाठविले, आणि सामान लागल्यावर, पडदे टांगून झाल्यावर, तिसऱ्या दिवशी भाड्याच्या घरी आणले. हेतू शुद्ध होता. परंतु त्यातील अन्याय मला फार उशिरा उमगला. अडतीस वर्षे नांदलेल्या वास्तूचा निरोप तिने घेतलाच नव्हता, आणि नव्या जागेत एकही वस्तू तिच्या हाताने ठेवली गेली नव्हती. जुन्या घरी रात्री उठल्यावर ती अंथरुणापासून डावीकडे फडताळाच्या कडेवर हात ठेवीत सात पावले जात असे, आणि आठव्या पावलाला मोरीचा उंबरा लागत असे. ही सात पावले तिच्या पायांना पाठ होती, डोळ्यांना नव्हे. भाड्याच्या घरात न्हाणीघर उजवीकडे होते. चौथ्या रात्री ती डावीकडे वळली, हात टेकावयास फडताळ नव्हते, आणि पडून तिच्या मनगटाचे हाड मोडले. त्या दिवसापासून मला कळले, की आपण ज्याला घर म्हणतो त्याचा मोठा भाग वृद्ध माणसाच्या अंगात मुरलेला असतो, आणि तो टेंपोत भरता येत नाही.

मनगट दीड महिन्यात जुळले. जे जुळले नाही ते अधिक सांगण्यासारखे आहे. दुपारी चारला दार ठोठावणारी शेजारीण, उधारीच्या वहीत तिचे नाव न विचारता मांडणारा वाणी, नाडी पाहण्याआधी मुलांची चौकशी करणारे डॉक्टर, गुरुवारचे भजनी मंडळ, हे सारे चौदा किलोमीटर दूर राहिले. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे आहे, की घरात वृद्ध माणूस असेल तर खोली एक कमी असलेले घर पत्करावे, जिना एक अधिक असेल तर मात्र पत्करू नये, आणि जुन्या गल्लीपासून त्याच्या पायांनी गाठता येईल एवढ्याच अंतरावर ते घ्यावे. त्याला ते घर राहावयास जाण्यापूर्वी दोन-तीनदा दाखवावे. त्याची खाट जुन्या घरी ज्या अंगाला दार होते त्याच अंगाला दार येईल अशी मांडावी. आणि देव्हाऱ्याबरोबर त्याचाही कोपरा पहिल्या दिवशी, इतर खोकी उघडण्यापूर्वी, सिद्ध करावा. सामानाची बांधाबांध चालली असता त्याला बाजूला बसवून ठेवू नये. कोणते पितळी भांडे कोणाच्या लग्नातले, कोणत्या ट्रंकेत कोणाची पत्रे, हे त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणास ठाऊक असते? माळ्यावरचा पाटा-वरवंटा द्यावयाचा की न्यावयाचा, हा निर्णय तासाभरात सुनेने करावयाचा नसतो. त्यासाठी सासूला एक अख्खा आठवडा मिळाला पाहिजे. म्हणूनच आवराआवर किमान दीड महिना आधी सुरू करावी असे मी म्हणतो. सामानाला इतके दिवस लागतात म्हणून नव्हे, माणसाला लागतात म्हणून.

कागदपत्रांविषयी थोडक्यात. संस्थेचे भागपत्र, मूळ खरेदीखत, नोंदणीचा सूची क्रमांक दोनचा उतारा, विकासकाशी झालेला कायमस्वरूपी पर्यायी जागेचा नोंदणीकृत करार, हे दप्तर ट्रकमध्ये न घालता घरच्या जबाबदार माणसाने स्वतःजवळ बाळगावे. भाड्याच्या जागेचा करार तोंडी ठेवू नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 प्रमाणे तो लेखी व नोंदणीकृतच असावा लागतो, आणि अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही हा आपल्याकडे रूढ असलेला समज या राज्यात चुकीचा आहे. एकूण भाड्यावर 0.25 टक्के मुद्रांक शुल्क आणि शहरी भागात 1,000 रुपये नोंदणी फी, हाच काय तो मुख्य सरकारी खर्च. याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की लिव्ह अँड लायसन्सचा करार 60 महिन्यांपर्यंत करता येत असताना आपण सवयीने अकरा महिन्यांचा करतो, आणि मग तीन वर्षांच्या मधल्या मुक्कामात त्याच वृद्ध माणसाला तीनदा उठवतो. घरमालकाशी घासाघीस करावयाची तर ती भाड्यासाठी करण्यापूर्वी मुदतीसाठी करावी. वाहनाच्या नोंदणीतील पत्ता 30 दिवसांत बदलावा लागतो, मतदारयादीतील बदलासाठी नमुना क्रमांक 8 आहे, आणि गॅस व वीज यांची शेवटची बिले किल्ली देण्याआधी चुकती करावीत. ही कामे कंटाळवाणी असली तरी कठीण नाहीत.

हमालांविषयी मात्र एक शब्द बोलल्यावाचून पुढे जाववत नाही. ज्या राज्याने 1969 मध्ये माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी देशात अग्रेसर ठरलेला कायदा केला, त्या राज्यात मे महिन्याच्या दुपारी लोखंडी कपाट पाठीवर घेऊन चौथा मजला चढणाऱ्या माणसाला पाण्याचा तांब्या पुढे करण्यास कायद्याची गरज पडू नये. स्थलांतराच्या दिवशी स्वयंपाकघर बंद असते हे खरे. तेव्हा त्यांच्या चहा-जेवणाची तजवीज आदल्या दिवशीच करावी, आणि मजल्यांची संख्या व अवजड जिन्नस ठरावाच्या वेळीच प्रामाणिकपणे सांगावेत.

आमची नवी इमारत ठरल्या मुदतीनंतर दोन वर्षांनी उभी राहिली. घरे सोडताना आमच्यात सत्तरीपलीकडचे अकरा जण होते. वास्तुशांतीला त्यांतले सात जण आले. मृत्यू कोणाला चुकत नाही, आणि त्या चौघांच्या जाण्याचा दोष मी कोणाच्या माथी मारीत नाही. परंतु त्यांची अखेरची वर्षे अनोळखी गल्लीत, परक्या खिडकीशी बसून गेली, ही गोष्ट मला अजून बोचते, कारण सभेत एका ठरावाने ती टाळता आली असती. विकासकाकडून भाडे घेताना संस्थेने आपल्याच प्रभागातील जवळची घरे एकत्रितपणे शोधून, त्यांतील पहिला हक्क ज्येष्ठांच्या कुटुंबांना द्यावा आणि त्या घरांचे भाडे जास्त पडल्यास तो फरक विकासकाने सोसावा, असे कलम करारनाम्यात घालण्यास कोणतीच आडकाठी नव्हती. ते आम्हास सुचले नाही.

शेजारच्या इमारतीची विशेष सर्वसाधारण सभा पुढील महिन्यात आहे. विषयपत्रिकेवर चटईक्षेत्राचा विषय पहिला होता. माझ्या विनंतीवरून तेथील चिटणीसांनी तो दुसरा केला आहे, आणि पहिल्या विषयासाठी इमारतीतील सत्तरी उलटलेल्या नऊ रहिवाशांची यादी, प्रत्येकाला किती जिने चढवतात आणि त्याचे डॉक्टर कोणत्या गल्लीत बसतात या तपशिलासह, लिहून तयार ठेवली आहे.